दुप्पट खाशीचं गणित

गेल्या आषाढी एकादशीला खिचडी परतायच्या आधी मी ओट्यावर इलेक्ट्रॉनिक काटा मांडला. कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट ३० ग्रॅम, साजूक तूप १५ ग्रॅम आणि एक छोटा बटाटा. कोष्टकं काढून बेरीज केली, तर एका ताटलीच्या ६०० कॅलऱ्या भरल्या. रोजच्या दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण आणि मूदभर भात यांची बेरीज माझ्याकडे सव्वापाचशेच्या पुढे क्वचितच जाते. शिवाय संध्याकाळची भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि मधेच तोंडात टाकलेला राजगिऱ्याचा लाडू अजून हिशेबात यायचेच होते. मौशी काट्याकडे बघत म्हणाली, "उपासाला कुणी मोजतं का गं? वेडीच आहेस."

एकादशी आणि दुप्पट खाशी, असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. गंमत म्हणजे अधूनमधून उपास करून वजन उतरवण्याच्या कल्पनेवर आहारशास्त्राचा पहिला आक्षेप हाच होता. आज पोटाला चिमटा काढलेला माणूस उद्या त्याचं उट्टं काढणार. मग रोज थोडं मोजून कमी खाल्लेलं काय वाईट?

शिकागोत इलिनॉय विद्यापीठाच्या क्रिस्टा वॅराडी यांच्या गटाने हा आक्षेप तपासून पाहिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लठ्ठपणा असलेले १०० जण होते. एका गटाने दिवसाआड उपास करायचा होता. उपासाच्या दिवशी गरजेच्या २५ टक्के खायचं आणि दुसऱ्या दिवशी १२५ टक्के, म्हणजे सव्वापट खायची परवानगीच होती. दुसऱ्या गटाने रोज ७५ टक्क्यांवर राहायचं होतं. तिसऱ्याने नेहमीसारखं जेवायचं. झालं काय, तर उपासवाले उपासाच्या दिवशी ठरल्यापेक्षा थोडं जास्त खात राहिले, आणि मोकळ्या दिवशी मात्र मिळालेली मुभा त्यांना पुरती वापरताच आली नाही. दुप्पट सोडा, सव्वापटसुद्धा खाल्लं गेलं नाही! वर्षाअखेर तिसऱ्या गटाच्या तुलनेत उपासवाल्यांचं वजन ६ टक्क्यांनी घटलं होतं आणि रोज मोजून खाणाऱ्यांचं ५.३ टक्क्यांनी. हा फरक म्हणजे जवळजवळ बरोबरीच. प्रयोग अर्ध्यावर सोडणारे मात्र उपासाच्या गटात जास्त निघाले, ३८ टक्के. मोजून खाणाऱ्यांत ते २९ टक्के होते.

आपल्याकडे या वादाने २०१८-१९च्या सुमारास घराघरांत दुफळी पडली होती. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस जिलबी नाकारायचा आणि कारण न विचारताच कळायचं, 'दीक्षित'वाला दिसतोय. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सूत्र. त्याचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीत. दर खाण्यागणिक इन्सुलिन पाझरतं, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी करा, असा युक्तिवाद. दुसरीकडे ऋजुता दिवेकरांचा सल्ला दर दोन तासांनी थोडंथोडं खाण्याचा. कॅलऱ्या मोजत बसायला मात्र या दोघांपैकी कोणीच सांगत नव्हतं, ही बाब त्या भांडणात हरवली. माझा कौल कुणी मागू नये. आमच्या घरात दोन्ही पक्ष आहेत आणि स्वयंपाक एकच असतो.

जगभरच्या प्रयोगशाळांत मात्र सामना घड्याळ विरुद्ध वही, म्हणजे वेळ पाळून खाणं विरुद्ध कॅलऱ्या मोजून खाणं, असाच लागला. चीनमधल्या ग्वांगझूच्या प्रयोगात १३९ लठ्ठ रुग्णांना वर्षभर मोजूनमापून कमी जेवायला सांगितलं. त्यातल्या अर्ध्यांना वर आणखी एक अट घातली: जे खायचं ते सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच. अटवाल्यांचं वजन सरासरी ८ किलोंनी उतरलं आणि बिनअटवाल्यांचं ६.३ किलोंनी. आकडे वेगळे दिसतात, पण इतका फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, असं संख्याशास्त्राने सांगितलं. २०२२ साली हे निकाल आले, तेव्हा उपासवाल्यांच्या गोटात बरीच निराशा पसरली.

मला त्याहून बोलका वाटतो तो वॅराडींच्याच गटाचा २०२३चा प्रयोग. ९० जण, एक वर्ष. एका गटाच्या हातात फक्त घड्याळ दिलं: दुपारी १२ ते रात्री ८ या वेळात हवं ते खा, मोजू नका, एरवी पाणी आणि बिनकॅलरीची पेयं. दुसऱ्याला घास न् घास टिपून रोज २५ टक्के कमी खायचं होतं. वर्षाअखेर हिशेब लागला तेव्हा मोजणारे दिवसाला सरासरी ४०५ कॅलऱ्या कमी खात होते आणि न मोजणारे ४२५. वजनही जवळपास सारखंच उतरलं: घड्याळवाल्यांचं ४.६ किलो, वहीवाल्यांचं ५.४.

कुणी न सांगता, न मोजता या सव्वाचारशे कॅलऱ्या गेल्या कुठे? आपल्याच घरात पाहू. रात्रीचं जेवण साडेआठला झालं. दहाला मालिका लागते आणि चिवड्याचा डबा मांडीवर येतो. अकराला मुलगा मॅच बघत आइस्क्रीम काढतो, त्यातले दोन चमचे आपल्या वाट्याला येतातच. सकाळी चहासोबत चार बिस्किटं. यातलं काहीही 'जेवण' म्हणून आपल्या लक्षात राहत नाही, म्हणून वहीतही उतरत नाही. ठरलेल्या वेळेनंतर स्वयंपाकघराचा दिवा मालवला की नेमकं हेच बंद होतं.

तरी घड्याळात स्वतःची अशी काही जादू असावी, ही आशा सहजी मरत नाही. तिला खतपाणी घातलं उंदरांनी. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा यांनी २०१२ साली दाखवलं, की तेलकट खाणं आठ तासांतच मिळालेले उंदीर सडसडीत राहिले आणि तेवढ्याच कॅलऱ्या दिवसरात्र चरणारे उंदीर लठ्ठ झाले. पण उंदराचं सगळं आयुष्य दोनेक वर्षांचं. त्याचे सोळा तास म्हणजे आपले सोळा तास नव्हेत.

माणसावर ही परीक्षा नीट घ्यायची, तर खाणं प्रयोगशाळेनेच शिजवून द्यायला हवं. जॉन्स हॉपकिन्समध्ये तेच केलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या किंवा केवळ आहारानेच मधुमेह आटोक्यात ठेवणाऱ्या ४१ लठ्ठ माणसांना १२ आठवडे तयार जेवण पुरवलं. पदार्थ सारखे आणि कॅलऱ्याही सारख्या. एक गट सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळात आणि त्यातही सकाळी जास्त खाणारा. दुसरा नेहमीच्या पद्धतीने, निम्मं खाणं संध्याकाळी ५ नंतर. २०२४ साली निकाल आला: पहिल्याचं वजन २.३ किलो घटलं, दुसऱ्याचं २.६. वेळ बदलली, कॅलऱ्या बदलल्या नाहीत, म्हणून वजनातही फरक नाही.

उपासात चरबी जळते, हे खोटं नाही. यकृतात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं. रात्रभर काही खाल्लं नाही की ते ओसरू लागतं आणि शरीर चरबीकडे वळतं. पण दुपारी जेवल्यावर तीच चरबी परत भरलीही जाते. बँकेतून सकाळी पैसे काढले आणि संध्याकाळी तेवढेच भरले, तर दिवसभर व्यवहार भरपूर होतो, पासबुकातली शिल्लक तीच राहते.

मग वहीच खरी म्हणायची का? तिच्यातही गोम आहे. अन्नाच्या कॅलऱ्या मोजण्याची रीत घालून दिली अमेरिकेतल्या मिडलटाउन गावच्या विल्बर ॲटवॉटर यांनी, १८९०च्या दशकात. एका बंद खोलीवजा पेटीत माणसाला काही दिवस ठेवून त्याचं खाणं, श्वास, अंगाची उष्णता सगळं ते मोजत. त्यातून आले ते आकडे आजही प्रत्येक पुड्यावर आहेत: पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला ४, स्निग्ध पदार्थ ९. सरासरी म्हणून ते उत्तम आहेत. पण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ साली माणसांना प्रत्यक्ष बदाम खाऊ घालून तपासलं, तर २८ ग्रॅम बदामांतून अंगी लागल्या १२९ कॅलऱ्या. कोष्टक १७० सांगत होतं. नीट न चावलेल्या बदामातली बरीचशी चरबी पेशींच्या भिंतीआड राहून तशीच बाहेर पडते. कुटून खाल्ला तर गणित पुन्हा वेगळं.

आणि लिहिणारा हात? 'मी काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या दहा जणांची न्यूयॉर्कमध्ये काटेकोर तपासणी झाली, तिचा अहवाल १९९२ सालचा आहे. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं, आणि केलेला व्यायाम सांगितला गेला ५१ टक्के जास्त. ती माणसं लबाड नव्हती. मराठी स्वयंपाकघरात तर ही चूक करायला लबाडी मुळीच लागत नाही. फोडणीला 'दोन पळ्या तेल' हे माप आमच्या घरी ओतून मोजलं, तर मौशीची पळी माझ्या पळीच्या जवळजवळ दुप्पट भरली. माझी पोळी ३० ग्रॅम कणकेची, शंभरेक कॅलऱ्यांची. तिची घडीची पोळी आतून-बाहेरून तेल पिऊन दीडशेच्या पुढे. वहीत दोन्हीकडे लिहिलं जाणार 'पोळी १'. सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

तेव्हा अंदाजाने चालणाऱ्या घरात वहीपेक्षा घड्याळ सोपं पडतं, असं माझं झुकतं माप आहे. नऊनंतर खायचं नाही म्हटलं, की पळी केवढीही असो. कोलोरॅडोतला २०२५चा एक प्रयोग या बाजूला थोडं वजन टाकतो. १६५ जण, दोन्ही गटांना आठवड्याची एकूण कपात सारखीच. एकाने ती रोज वाटून घ्यायची, दुसऱ्याने आठवड्यातल्या तीन दिवसांत उरकायची, बाकीचे चार दिवस न मोजता. वर्षाने रोजवाल्यांचं वजन ५ टक्के घटलं, तीन दिवसवाल्यांचं ७.६ टक्के, आणि मधेच सोडून जाणारेही त्या गटात कमी निघाले. सोडून जाण्याच्या बाबतीत शिकागोत नेमकं उलट झालं होतं, हे लक्षात आहेच. त्याच वर्षी ९९ प्रयोग आणि साडेसहा हजारांवर माणसं एकत्र धरून झालेल्या आढाव्यात दिवसाआड उपास रोजच्या कपातीपेक्षा सरस ठरला तो सव्वा किलोच्या आसपास. एवढा फरक काट्यावर दिसतो, पँटला जाणवेलच असं नाही.

घड्याळाची किंमतही आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या २०२०च्या प्रयोगात १२ ते ८ या वेळात जेवणाऱ्यांच्या एका छोट्या गटाची बारकाईने तपासणी केली, तेव्हा उतरलेल्या १.७ किलोंपैकी १.१ किलो चरबी नव्हतीच. मुख्यतः स्नायू झिजले होते. दोनच वेळा जेवायचं आणि त्यातही पोळी-भातच पुढे ओढायचा, तर प्रथिनं येणार कुठून? आमटीतली डाळ वाटीच्या तळाशी असते, हे आपल्याला ठाऊक आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने तर डॉक्टरांना न विचारता एकही जेवण गाळू नये. घाम फुटून, हातपाय थरथरून भर बाजारात खाली बसायची वेळ येते. उलट, आठ तासांत जेवणारे हृदयविकाराने जास्त मरतात, या २०२४च्या बातमीने मात्र झोप उडवून घेऊ नये. त्यातल्या माणसांना केवळ दोन दिवसांचं खाणं विचारलं होतं आणि त्यावरून पुढच्या अनेक वर्षांचा अंदाज बांधला होता.

लवकर जेवण्यात वजनाबाहेरचे काही फायदे असावेत, असं दिसतं. अलाबामात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांनी पाच आठवडे दुपारी तीनच्या आत दिवसाचं खाणं संपवलं. वजन तेच ठेवलं होतं, तरी रक्तदाब आणि इन्सुलिनचं काम सुधारलं. आठच माणसं, म्हणून फार हुरळून जाऊ नये. सूर्यास्तापूर्वी जेवून घेणाऱ्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैन कुटुंबांना हे ऐकून नवल वाटणार नाही. पण चर्चगेटचं ऑफिस सुटून साडेनवाला विरारला उतरणाऱ्या बाईने दुपारी तीनला शेवटचा घास घ्यावा आणि घरी येऊन चौघांसाठी भाकऱ्या थापाव्यात, असा सल्ला देणाऱ्याने एकदा ती गाडी पकडून पाहावी.

मौशीचं राहिलं. ती सोमवार आणि गुरुवार धरते, गेली चाळीस वर्षं. त्या दिवशी खिचडी नाही, भगर नाही. दोन केळी, दोन कप दूध आणि बिनसाखरेचा चहा. मी काटा पुन्हा काढला. बेरीज साधारण साडेचारशे झाली. आठवड्यातून दोन दिवस बायकांनी ५०० आणि पुरुषांनी ६०० कॅलऱ्यांत भागवायचं, बाकी पाच दिवस नेहमीसारखं जेवायचं, हा आहार ब्रिटनमध्ये मायकेल मोस्ली या डॉक्टर-पत्रकाराने २०१२-१३मध्ये टीव्हीवरून आणि पुस्तकातून गाजवला. मी तिला हे सांगितलं. तिने दूध ढवळता ढवळता ऐकून घेतलं.

"आणि एकादशीचं काय आलं म्हणालीस?"

"नुसत्या खिचडीचेच सहाशे."

"मग तेवढे विठोबाच्या खात्यावर लिही," ती म्हणाली आणि काटा उचलून फळीवर ठेवून आली.