चिलखत कानात घालताना

सोनाराच्या साखळीतली कडी डाख देऊन कायमची बंद केलेली असते. चिलखताच्या विणीच्या डुलांत तसं काही नसतं. तारेची दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतात. अशा कितीतरी कड्या एकमेकींत ओवल्या की धातूची मऊ, हलती जाळी तयार होते आणि तिच्या खालच्या कडेला मणी लोंबतात. भट्टी नको, डाख नको, दोन पकडी पुरतात. तरीही कड्या सुटत नाहीत.

मुळात ही वीण रणांगणातली. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास ती युरोपातल्या केल्टिक टोळ्यांकडे दिसते आणि पुढे रोमन सैन्याने ती उचलली. आपल्याला चिलखत म्हटलं की १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड आठवतो आणि अंगरख्याखाली चिलखत घालून अफझलखानाच्या भेटीला निघालेले शिवाजी महाराज. लढाईच्या चांगल्या चिलखतात कडीची टोकं ठोकून चपटी करत आणि त्यांना बारीक रिव्हेट मारत, कारण नुसती टेकवलेली कडी बाणाच्या टोकाने फाकते. भारतात १८व्या-१९व्या शतकांत बिनरिव्हेटची चिलखतंही बरीच बनली. दिसायला देखणी, घावाला कच्ची. डुलांना बाणाची भीती नाही, फार तर ओढणीत अडकतील.

या कलेत एक आकडा मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो. कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, हे ते गुणोत्तर. सगळ्यांत रुळलेल्या विणीत प्रत्येक कडीतून शेजारच्या चार कड्या जातात. चार सारख्या गोल तारा एका वर्तुळात दाटीने बसवायच्या तर त्या वर्तुळाचा व्यास तारेच्या जाडीच्या निदान २.४१ पट हवा. हा आकडा म्हणजे १ अधिक २ चं वर्गमूळ. पडताळायचं असेल तर चार सारखी नाणी चौकोनात चिकटवून मांडावीत आणि त्यांच्याभोवती वर्तुळ काढून मोजावं. विणीत तारा तिरक्या आणि वळत जातात, त्यामुळे प्रत्यक्षात गुणोत्तर तीनच्या फार खाली नेलं की वीण जमतच नाही. १ मिलिमीटर तार आणि ४ मिलिमीटर आतला व्यास घेतला तर जाळी छान मऊ पडते. व्यास तोच ठेवून तार ०.८ ची घेतली की गुणोत्तर पाचवर जातं आणि तीच वीण ढिली, गबाळी दिसू लागते. डिझाइन पसंत असूनही डूल मनासारखे न होण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

कड्यांमधल्या या मोकळ्या जागेवर गंभीर संशोधनही झालं आहे. अमेरिकेतल्या कॅलटेकच्या कियारा डाराइओ आणि सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातले यिफान वांग यांच्या गटाने पोकळ अष्टफलकांच्या सांगाड्यांचं गुंतवलेलं कापड थ्रीडी प्रिंटरवर छापलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं आणि आतली हवा ओढून घेतली. सांगाडे एकमेकांवर दाबले गेले आणि कापड २५ पटींहून अधिक ताठ झालं. हवा परत सोडली की पुन्हा मऊ. हे काम २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

आता कडी सुटत का नाही, ते. तार लोखंडी दांड्यावर वेढे देत गुंडाळतात आणि मग एकेक वेढा कापतात. दांडा ४ मिलिमीटरचा असला तरी हात सोडताच गुंडाळी किंचित उलगडते आणि कडी जराशी मोठी निघते. गुणोत्तर चार असेल तर वाकताना तारेची बाहेरची कड जवळपास २० टक्के ताणली जाते. धातू मात्र टक्क्याच्या अगदी लहानशा भागापर्यंतच लवचीक असतो. तेवढं वाकणं परत येतं, बाकीचं कायमचं राहतं. परत येणारा हा वाटा स्टेनलेस स्टीलमध्ये जास्त, मऊ तांब्यात कमी. म्हणून एकाच दांड्यावरच्या दोन धातूंच्या कड्या सारख्या मापाच्या निघत नाहीत.

कायमच्या वाकण्यात अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, पण अख्खा थर एका दमात घसरत नाही. स्फटिकरचनेतला रेषेसारखा एक दोष पुढे पुढे सरकत जातो. जी. आय. टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी १९३४ मध्ये आपापल्या परीने ही कल्पना मांडली. धातू वाकवत गेलं की असे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि धातू कडक होतो. गुंडाळलेली कडी मूळ तारेपेक्षा कडक असते ती यामुळेच. तिला डाख लागत नाही, तो या कडकपणाच्या जोरावर. अती केलं तर मात्र तुटतेच: एकच कडी पुन्हा पुन्हा उघडून मिटणाऱ्याला ती हातात मोडल्याचा अनुभव येतो.

पकडीचं तंत्रही यातूनच आलं. टोकं फाकवायची नाहीत, नाहीतर गोलाई जाते. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, असं मुरडायचं. मिटताना टोकं समोरासमोर आली की थांबलात तर फट राहणार, कारण कडी थोडी मागे येतेच. म्हणून तिला नेमक्या जागेच्या जरा पुढे न्यायचं, मागे आणायचं, आणि सगळा वेळ आत दाबत राहायचं. टोकं घासल्याचं बोटांना कळलं की काम झालं.

धातू निवडताना कानाचा विचार आधी. स्वस्त दागिन्यांनी कान चिघळतो, त्यात निकेलचा हात मोठा: घामात त्याचे आयन सुटतात आणि काहींच्या त्वचेला त्यांचं वावडं असतं. युरोपीय संघाने टोचलेल्या जागी घालायच्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलची मर्यादा आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. टायटॅनियम आणि नायोबियमचे हुक सहसा निर्धोक. त्यांचे निळे-जांभळे रंगही विलक्षण, कारण त्यात रंगद्रव्य नसतंच. विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर वाढवतात आणि प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून रंग दिसतो. व्होल्टेज बदलला की थराची जाडी बदलते आणि रंगही. वजनाचं म्हणाल तर चांदीत १० ग्रॅम भरणारा डूल ॲल्युमिनियममध्ये अडीच ग्रॅमच्या आसपास येतो.

मणी नुसते शोभेचे नाहीत. चार कड्यांची वीण एका दिशेला चांगली ताणते, दुसऱ्या दिशेला फारशी नाही. हलक्या धातूची जाळी नुसती टांगली तर ती कशीही गोळा होते. खालच्या कडेला काचेचे मणी आले की ती ओढून सरळ राहते. मग डूल लंबकासारखा झुलू लागतो. साधा लंबक धरला तर ६ सेंटिमीटर लांबीला एका झोक्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि झपझप चालणाऱ्या माणसाचं पाऊलही साधारण दर अर्ध्या सेकंदाला पडतं. प्रत्येक पावलाचा धक्का झोक्याशी जुळतो, डूल जोरात हलतात. कड्यांच्या घर्षणाने ते थोडे आवरतात, एवढंच. मणी मानेवर आपटणं ज्यांना नको असेल त्यांनी लांबी ३ सेंटिमीटरवर आणावी, झोका ०.३५ सेकंदाचा होतो आणि पावलांशी मेळ सुटतो. हलके मणी लावून हे साधत नाही, कारण लंबकाच्या सूत्रात वस्तुमान येतच नाही.