जुनी राजदूत, चाळीस हजार रुपये आणि आधी कागद

आमगाव तालुक्यातील एका तरुण वेल्डर वाचकाने विचारणा केली आहे. घराच्या मागच्या पडवीत वडिलांची राजदूत मोटारसायकल कित्येक वर्षांपासून उभी आहे. कोंबड्या तिच्यावर बसतात. त्याच्याजवळ चाळीस हजार रुपये साठले आहेत. हप्त्यावर नवी गाडी घेण्यापेक्षा हीच गाडी घरच्या घरी तयार करावी, जमल्यास मागचा भाग कापून, हँडल खाली घेऊन चित्रात दिसते तशी 'कस्टम' करावी आणि पुढे हाच धंदा धरावा, असा त्याचा विचार आहे. हे परवडेल काय, असे तो विचारतो.

परवडेल. पण तो ज्या क्रमाने निघाला आहे त्या क्रमाने नाही. हे आम्ही ऐकीव माहितीवर सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एक जुनी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून उचलली. इंजिन बांधले, रंग दिला, सीट शिवली आणि मग कागदाला हात घातला. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळेना. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. ती चकचकीत गाडी आम्हाला शेवटी सुट्या भागांच्या भावाने द्यावी लागली. इंजिनाचे पैसे तर गेलेच, तीन महिन्यांचे रविवारही गेले.

या भागात राजदूत का टिकली हे जुन्या लोकांना सांगायला नको. दिल्लीजवळच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ मध्ये पोलंडच्या 'एसएचएल एम-११' या गाडीचा परवाना घेऊन ती काढली. १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गियर, किक मारून सुरू. वेग बेताचा, पण धानाच्या बांध्यांमधल्या कच्च्या रस्त्याने दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून ती निमूट चालत असे. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात तिची धाकटी बहीण 'जीटीएस' झळकली आणि लोक तिला 'बॉबी'च म्हणू लागले. मुंबईच्या रुस्तम व फारूख इराणी यांनी म्हैसूरला काढलेल्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी तयार होत असे. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये बाजारात परत आले खरे, पण त्या गाड्या वेगळ्या. नावे परत आल्यावर जुन्या गाड्यांचे भाव मात्र चढले. बुलेट आणि आरएक्स-१०० तर सामान्य कारागिराच्या हाताबाहेर गेल्या. राजदूत अजून हाताशी आहे, आणि तिचे इंजिन इतके सरळ आहे की ज्याला पाना धरता येतो त्याला ते समजते. आमच्या मते शिकण्यासाठी याहून चांगली गाडी नाही.

आधी कागद

खाजगी मोटारसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी २५ नंबरचा फॉर्म आहे. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलींसाठी ती २,००० रुपये करण्यात आली. एवढ्याने कोणी बुडत नाही. बुडवतो तो उशीर. २०२२ च्या त्याच नियमाने मोटारसायकलला उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये जादा फी लावली. वर्षाला ३,६०० झाले. पडवीत उभ्या गाडीला हे लागू नसेल, असे समजून बसू नये. आपल्या गाडीचा नेमका आकडा परिवहन कार्यालयातून लिहून घ्यावा. त्यात पर्यावरण कर धरावा, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला बंधनकारक असलेली हाय सिक्युरिटी नंबर प्लेट धरावी, थर्ड पार्टी विमा धरावा. ही बेरीज पंचवीस हजारांवर जात असेल तर चाळीस हजारांत गाडी होणार नाही. तेव्हा वडिलांची आठवण म्हणून ती पुसून अंगणात ठेवावी आणि हात शिकायला दुसरी, चालू कागदांची गाडी पाहावी. ऐकायला कडू आहे, पण पिस्टन विकत घेतल्यावर ऐकण्यापेक्षा आधी ऐकलेले बरे.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या आरसीवर पत्त्यात 'जिल्हा भंडारा' असेच लिहिलेले असणार, त्यात काही खोट नाही. १९८९ पूर्वीचा क्रमांक तर एम या अक्षराने सुरू होणारा तीन अक्षरी असतो. असा क्रमांक पुष्कळदा संगणकावर दिसत नाही. मग ज्या कार्यालयात मूळ नोंद आहे तेथील रजिस्टरवरून ती संगणकात चढवून घ्यावी लागते, त्याला तेथे 'बॅकलॉग' म्हणतात. कोणत्या कार्यालयात नोंद आहे हे आधी विचारून घेतले म्हणजे एसटीचे भाडे दोनदा लागत नाही. मालक वारला असेल तर वारसाच्या नावे हस्तांतर आधी करून घ्यावे.

नंबर पाहताना चेसिसवर रॉकेल लावून, तारेच्या नव्हे तर कापडाच्या बोळ्याने पुसावे. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. तो आरसीशी ताडून पाहावा. नंबराच्या आसपास ग्राइंडर किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर गाडी कितीही स्वस्त असो, परत फिरावे.

आता 'कस्टम'बद्दल. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लागू असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. मुंबईच्या 'वर्देंची'सारख्या कार्यशाळांची देखणी कामे पाहून तरुणांचे डोळे दिपतात, पण आपल्या वेल्डरने चेसिस कापली तर कागदाची किंमत त्याच दिवशी संपते. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी, मग आरसीत नोंद. रंग बदलला तरी नोंद करून घ्यावी. सीटची शिलाई, आरसे, टाकीवरच्या रेघा, जुन्या धर्तीचा दिवा यांत हौस भागवावी. 'विंटेज' हा शब्दही कायद्याने बांधलेला आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच विंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, दहा वर्षांच्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे ती हौशी श्रीमंतांची सोय झाली. दूध घालायला जाणाऱ्यासाठी ती नाही.

मग इंजिन

कागदाचा खर्च साधारण आठ हजारांत बसला असे धरू. मग आम्ही चाळीस हजारांची वाटणी अशी करू: इंजिनाला चौदा, टायर, ब्रेक आणि केबलींना सात, वायरिंग व बॅटरीला तीन, रंग आणि सीटला पाच. उरलेल्या तीन हजारांना हात लावू नये. ते कुठे जातील हे आज सांगता येत नाही, पण जातील एवढे नक्की. बहुतेक तरुण याच्या उलट करतात. रंगापासून सुरुवात करतात, आणि इंजिन उघडायची वेळ येते तेव्हा खिसा रिकामा असतो.

गोंदियात भात गिरण्यांमुळे लेथचे चांगले कारागीर आहेत, ही आपली मोठी पुंजी समजावी. सिलिंडर बोअर करण्याचे काम येथे होते. मात्र पिस्टन आधी आणावा आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यावा. उलटे केले की टर्नर आणि दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवतात. बोअर पाव-पाव मिलिमीटरने वाढतो. आधीच शेवटच्या मापापर्यंत गेला असेल तर नवी स्लीव्ह बसवावी लागते. क्रँक हातात घेऊन कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहावा. खडखडला तर बिग एंडचे किट घालावे, 'थोडे दिवस चालेल' म्हणू नये.

टू-स्ट्रोकमध्ये खरी गोम क्रँकच्या दोन ऑइल सीलमध्ये असते. सील स्वस्त मिळते, पण ते खराब असेल तर हजारोंचे काम मातीत जाते. क्लच बाजूचे सील गेले की गियर ऑइल इंजिनात ओढले जाते आणि पांढरा धूर सुटतो. मॅग्नेट बाजूचे गेले की बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि चालत्या गाडीचा पिस्टन जाम होतो. इंजिन उघडलेच आहे तर दोन्ही नवी घालावीत. पॉइंटचे अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवावे. हे काम फीलर गेजने करावे, पण ज्या म्हाताऱ्या मिस्तरीने आयुष्यभर राजदूत बांधल्या त्याला शेजारी बसवावे. आमच्या ओळखीचे एक उस्ताद कानाने टायमिंग सांगत. ते गेले, आणि त्यांच्याकडून आम्ही अर्धेच शिकलो. आज अशा माणसांकडे गाड्या येत नाहीत, म्हणून ते दुकानापुढे बसून पंक्चर काढतात. त्यांना दिवसाचा मेहनताना द्यावा आणि हुनर उचलावे.

येथे वेल्डर बांधवांना एक कळकळीची सूचना. पेट्रोलची जुनी टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. तिला तशीच वेल्डिंग लावणे म्हणजे हातात बॉम्ब धरणे. टाकी धुऊन, काठोकाठ पाणी भरून, जोडायच्या जागेपुरतीच हवा ठेवावी. त्यापेक्षा छोट्या भोकाला कथलाचा डाग लावावा, तोही ज्योतीने नव्हे तर तापवलेल्या कैऱ्याने आणि टाकी धुतल्यानंतरच. आतला गंज काढायला मूठभर नट टाकून टाकी हलवावी आणि लगेच वाळवावी. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते, जुने रबर फुगवते. म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर नवेच घ्यावेत. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.

आपल्याकडे मिळणार नाही तो माल दिल्लीच्या करोल बागेतून येतो. हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन असल्याने पार्सलची अडचण नाही. नवा नकली भाग आणि जुना अस्सल भाग यांत शक्य तेथे जुना अस्सल घ्यावा. टायर घेताना बाजूवर छापलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. वर्षानुवर्षे दुकानात पडलेला टायर चकाकतो, पण पावसात धरत नाही. क्रोमचे काम आम्ही नागपूरला पाठवले होते. त्याची खरी गरज नव्हती, हे आता कबूल करतो.

धंदा म्हणून

गाड्या विकत घेऊन, बांधून विकण्यात भांडवल अडकते आणि कागदाची जोखीम आपल्या अंगावर येते. सुरुवातीला मालकाची गाडी मालकाच्या कागदावर बांधून द्यावी. आरसीची प्रत घेतल्याशिवाय काम धरू नये. गाडी आली तशी फोटो काढून ठेवावी, काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत, मालाचा बयाना आधी घ्यावा. मजुरी आणि माल वेगवेगळे लिहावेत. आपल्या लोकांत ओळखीच्या गिऱ्हाइकाला कागद लिहून द्यायला संकोच वाटतो, आणि उधारी तेथेच बुडते. बाप-आजोबांची गाडी चालू झालेली पाहायची इच्छा असणारे लोक बालाघाटपासून भंडाऱ्यापर्यंत आहेत. एकाची नीट झाली की दुसरा स्वतः शोधत येतो.

आमगावच्या भावाने काम दिवाळीनंतर काढावे. पावसाळ्यात रंग फुगतो आणि उघडे इंजिन एका रात्रीत गंजते. इंजिन सुरू झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर ताशी चाळीसच्या वर जाऊ नये, लिटरला पन्नास मिली टू-टी ऑइल घालावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर रात्रभर गाडी थंड होऊ द्यावी आणि सकाळी हेडचे नट पुन्हा आवळावेत. तेव्हाच प्लग काढून पाहावा. बदामी रंगाचा असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर गाडी पुढे नेऊ नये, आधी ते मॅग्नेट बाजूचे सील पाहावे.