दही थंड, बिब्बा औषधी? वापरण्याआधी पदार्थाचा 'गुण' समजून घ्या

मागच्या मे महिन्यात आमच्या वस्तीवरच्या एका आजोबांनी गुडघेदुखीवर घरीच बिब्ब्याचं तेल लावलं. दुसऱ्या दिवशी पायावर फोड, सूज आणि नुसती आग. "झाडाचं औषध हाय, त्यानं काय हुतंय?" असं आधी सगळेच म्हणत होते. चूक इथंच झाली.

आयुर्वेदात पदार्थाचे २० गुण सांगितले आहेत, म्हणजे १० जोड्या. गुरु-लघु (जड-हलका), शीत-उष्ण, स्निग्ध-रुक्ष (तेलकट-कोरडा), मंद-तीक्ष्ण वगैरे. शरीरातल्या दोषांनाही हेच गुण लावतात. वात कोरडा, हलका, थंड. पित्त उष्ण, तीक्ष्ण. कफ जड, थंड, स्निग्ध.

नियम साधा आहे. सारख्या गुणानं दोष वाढतो, उलट गुणानं कमी होतो.

आपल्या आया-आज्यांच्या चुलीवर हेच चालतं. बाजरी उष्ण, पण कोरडी. म्हणून भोगीला, ऐन थंडीत, तीळ लावलेली भाकरी लोण्याबरोबर खातात. तिळा-लोण्याच्या स्निग्धपणानं कोरडेपणा मोडतो.

आता दह्याचं बघा. जिभेला गार लागतं, म्हणून आपण ते थंड समजतो. आयुर्वेदात मात्र दही उष्ण आणि पचायला जड मानलंय. रात्री दही खाऊ नये, असं चरकसंहितेत सांगितलंय. त्याच दह्याचं ताक केलं की ते हलकं होतं. म्हणजे गुण हाताला लागणाऱ्या गारव्यावरून नाही, शरीरावर होणाऱ्या परिणामावरून ठरतो.

बिब्बा तर अति उष्ण आणि तीक्ष्ण. वैद्य तो शुद्ध करून, माणसाची प्रकृती आणि ऋतू बघूनच देतात. उन्हाळ्यात आणि पित्ताच्या माणसाला टाळतात. आजोबांची प्रकृती पित्ताची, त्यात मे महिना आणि बिब्बा कच्चा. त्यात कातडी भाजणारा चीक असतोच.

बिब्बा अंगाला लागला तर लगेच साबण-पाण्यानं धुवा, फोड फोडू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

आणखी एक. 'गोळ्या उष्ण पडतात' म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या मनानं बंद करू नका. गुणांची ही भाषा जुन्या वैद्यांच्या निरीक्षणातून आली आहे, ती रक्ततपासणीची जागा घेत नाही. त्रास होत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, ते गोळी बदलून देतील.