स्थूलतेवरील शस्त्रक्रिया: घरी परतल्यानंतर

अतिस्थूलतेवर उपाय म्हणून जठरावर किंवा लहान आतड्यावर जी शस्त्रक्रिया केली जाते, तिला साधारणतः एक ते तीन तास लागतात. आज ती बहुधा दुर्बिणीच्या साहाय्याने, पोटावर चार-पाच लहान छेद घेऊन केली जाते आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. महाराष्ट्रातील राजकीय नेते नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करवून घेतली, तेव्हा वृत्तपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. अशा चर्चेत किलोग्रॅमचे आकडे पुढे येतात आणि शस्त्रक्रियेनंतरची दीर्घ निगा मात्र मागे राहते. वास्तविक या उपचाराचे यश बरेचसे त्या निगेवरच अवलंबून असते.

झाशीसारख्या शहरातून एखादा रुग्ण या शस्त्रक्रियेसाठी बाहेरगावी गेला, तर हा प्रश्न अधिक स्पष्टपणे दिसतो. रेल्वेमार्गाने दिल्ली झाशीपासून सुमारे ४०० किलोमीटर, भोपाळ सुमारे ३०० किलोमीटर, तर मुंबई ११०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ तेथे राहतात आणि रुग्ण घरी परततो. उलट्या सुरू झाल्या, भोवळ आली किंवा पाय बधिर झाले, तर तो प्रथम जवळच्या डॉक्टरांकडे जाणार. म्हणून शरीरात नेमका कोणता बदल झाला आहे आणि कोणत्या काळात कशावर लक्ष ठेवावयाचे, हे रुग्ण, त्याच्या घरची माणसे आणि गावातील डॉक्टर या तिघांनाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेने काय बदलते

सध्या दोन शस्त्रक्रिया विशेष प्रचारात आहेत. पहिलीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जाते. दोन्हींमध्ये थोड्याशा अन्नाने पोट भरते आणि भुकेचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांतही बदल होतो. त्याचबरोबर अन्नातील काही घटक शरीरात शोषून घेण्याची व्यवस्थाही कमकुवत होते.

या दुसऱ्या बाजूची जाणीव वैद्यकशास्त्राला अनुभवातून झाली. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास लहान आतड्याचा फार मोठा भाग वगळणारी शस्त्रक्रिया पुढे आली. तिने वजन झपाट्याने उतरे. परंतु कालांतराने अनेक रुग्णांना यकृताचे विकार, मूत्रखडे आणि तीव्र कुपोषण यांनी ग्रासले व ती पद्धत मागे पडली. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा घालणारी तुलनेने सुरक्षित पद्धत सुरू केली. वजन उतरले म्हणजे रुग्ण बरा झाला असे होत नाही, हा धडा तेव्हापासून या शाखेच्या पायाशी आहे.

पहिले काही दिवस

शस्त्रक्रियेच्या दिवशी सायंकाळीच रुग्णाला उठवून चालावयास लावतात. यात कोणतीही कठोरता नाही. स्थूल व्यक्तीच्या पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक असतो आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यास प्राणावर बेतते. चालणे, दीर्घ श्वसनाचा व्यायाम आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने हे त्यावरील उपाय होत. घरी परतताना रेल्वेचा अथवा मोटारीचा प्रवास दीर्घ असेल, तर सलग बसून न राहता दर तासाला चार पावले चालावे.

दुसरा धोका जठराच्या शिवणीतून गळती होण्याचा. असे क्वचितच घडते, पण घडले तर उपचारास विलंब परवडत नाही. नाडीचा वेग मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे होत. अनेकदा नाडीचा वेग सर्वांत आधी वाढतो आणि पोट मात्र मऊच लागते. त्यामुळे केवळ पोट तपासून निर्धास्त होणे धोक्याचे ठरते. अशी गळती पहिल्या काही दिवसांत, तर कधी दोन-तीन आठवड्यांनंतरही, म्हणजे रुग्ण घरी असताना उद्भवू शकते. काळे शौच किंवा रक्ताची उलटी हे रक्तस्रावाचे चिन्ह समजावे. यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि शस्त्रक्रिया केलेल्या तज्ज्ञांना दूरध्वनी करावा.

पाणी आणि अन्न

पहिल्या आठवड्यांत सर्वांत कठीण काम असते ते पुरेसे पाणी पिण्याचे. जठर लहान आणि सुजलेले असते. पेलाभर पाणी एका दमात पिणे शक्य नसते. दिवसाकाठी किमान दीड लिटर द्रव पोटात जावे म्हणून दर काही मिनिटांनी घोट घोट घेत राहावे लागते. बुंदेलखंडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि घामावाटे पुष्कळ पाणी निघून जाते. अशा ऋतूत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला तहान लागण्याची वाट पाहून चालत नाही. लघवी गडद व थोडी होऊ लागली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, की शरीरातील पाणी कमी झाले असे जाणावे.

अन्न पायरीपायरीने वाढवितात. आरंभी एक-दोन दिवस नितळ द्रव देतात. त्यानंतर सुमारे दोन आठवडे पातळ ताक, दूध, मुगाच्या वरणाचे गाळलेले पाणी असे पदार्थ चालतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले वरण व मऊ दलिया, पुढे मऊ खिचडी, पनीर, अंडे आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर नेहमीचे अन्न असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रत्येक रुग्णालयाच्या सूचनांत थोडाफार फरक असतो आणि रुग्णाने आपल्याला दिलेल्या सूचनाच पाळाव्यात. घास बारीक चावून खावा आणि जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे.

रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जाणे आवश्यक असते. शाकाहारी घरात हे सहज साधत नाही. पाव लिटर दुधातून सुमारे ८ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर शिजलेल्या डाळीतून मिळणारे प्रमाण सात-आठ ग्रॅमच असते. म्हणून ताटात प्रथम डाळ, पनीर, सोयाबीन किंवा दही संपवावे आणि भात-पोळी नंतर घ्यावी. प्रथिने कमी पडल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात. गोड पदार्थांची अडचण वेगळीच आहे. वळसा घातलेल्या मार्गाने साखर एकदम आतड्यात उतरते आणि घाम, धडधड, पोटात कळ व जुलाब असा त्रास होतो. गणेशोत्सवात आग्रहाने वाढलेला मोदक किंवा दिवाळीत हातावर ठेवलेला पेढा या रुग्णासाठी प्रेमाचे लक्षण राहत नाही, हे आप्तांनी ध्यानात घ्यावे. पहिल्या काही महिन्यांत निर्जळी उपवासही टाळावेत.

शरीरातील साठे आणि त्यांचा काळ

शस्त्रक्रियेनंतरची निगा अनेक वर्षे का चालते, याचे उत्तर शरीरातील साठ्यांत आहे. निरनिराळी पोषकद्रव्ये शरीर निरनिराळ्या प्रमाणात साठवून ठेवते. आवक घटल्यावर काहींचा साठा आठवड्यांत, काहींचा महिन्यांत, तर काहींचा वर्षांनी संपतो.

सर्वांत लहान साठा असतो तो ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा. तो दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान यांना असे आढळले की, कोंडा काढलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार होतो. त्या कोंड्यात थायमिन असते हे पुढे सिद्ध झाले. स्थूल मनुष्याला कुपोषणाचा हाच रोग होईल अशी शंकाही सहसा येत नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे सतत उलट्या होत राहिल्या, तर तो होऊ शकतो. चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, संभ्रम आणि पायांत बधिरपणा ही त्याची लक्षणे होत. उपचार लांबल्यास मेंदूला कायमची इजा होते.

येथेच गावातील डॉक्टरांची भूमिका निर्णायक ठरते. उलट्यांनी थकलेल्या रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन लावणे हा सर्वत्र रूढ असलेला उपचार आहे. पण ग्लुकोजचे ज्वलन होण्यासाठी थायमिन लागते. उरलेसुरले थायमिनही त्यात खर्च झाले, तर रुग्णाची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडते. म्हणून अशा रुग्णाला थायमिनचे इंजेक्शन आधी आणि ग्लुकोज नंतर, असा क्रम पाळावा लागतो. हे इंजेक्शन स्वस्त असून सहज मिळते. शस्त्रक्रिया झाल्याची माहिती सलाईन लावण्यापूर्वी सांगितली जाणे, एवढीच अट आहे.

लोहाचा साठा महिन्यांत उतरतो. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या आरंभी शोषले जाते आणि वळसा घातलेल्या मार्गात नेमका तोच भाग वगळलेला असतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. अर्थात अनेक स्त्रियांचा साठा शस्त्रक्रियेपूर्वीच अपुरा असतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. तिच्यात आणि कॅल्शियमच्या गोळीत दोन तासांचे अंतर असावे, कारण ही दोन्ही एकमेकांच्या शोषणात अडथळा आणतात.

ब-१२ जीवनसत्त्व यकृतात दोन-तीन वर्षे पुरेल इतके साठविलेले असते. त्यामुळे त्याचा तुटवडा उशिरा जाणवतो. तोवर रुग्ण सडपातळ व उत्साही झालेला असतो आणि गोळ्या बंद करावयाचा मोह त्याला होतो. हातापायांना मुंग्या, विस्मरण आणि अशक्तपणा यांचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी आहे, हे मग कोणाच्या ध्यानातही येत नाही. शाकाहारी व्यक्तीचा साठा मुळातच लहान असल्याने हा काळ आणखी लवकर येतो. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची उणीव तर सर्वांत मूक असते. शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातील पातळी राखते आणि हाडे ठिसूळ झाल्याचे अनेक वर्षांनी, अस्थिभंग झाल्यावर कळते. म्हणूनच या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात.

जुन्या औषधांचा फेरविचार

मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर काही दिवसांतच, वजन फारसे उतरण्यापूर्वीच, खाली येऊ लागते. अशा वेळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड पूर्वीच्याच प्रमाणात चालू राहिल्यास साखर धोकादायकरीत्या घसरते. रक्तदाबाच्या गोळ्यांनाही हेच लागू पडते. डॉक्टरांनी मात्रा वारंवार तपासून ठरवावी. रुग्णाने परस्पर बदल करू नयेत. गुडघेदुखीसाठी दुकानातून सहज मिळणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या आता टाळावयाच्या, कारण त्यांनी आतड्याच्या जोडापाशी व्रण होतो. तंबाखूनेही तो होतो. वजन झपाट्याने घटताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. तो टाळण्यासाठी पहिल्या सहा महिन्यांत अनेकदा औषध देतात. बाळंतपणाचा विचार १२ ते १८ महिने लांबवावा, असाही सल्ला दिला जातो.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात आणि त्याने स्त्रिया विशेष घाबरतात. पोषण पुरेसे असल्यास हा प्रकार सहसा तात्पुरता असतो. याच काळात वजन कित्येक आठवडे एका आकड्यावर अडते. हेही अपयशाचे लक्षण नव्हे.

तपासणीची दिनदर्शिका

पहिली तपासणी एक-दोन आठवड्यांनी, मग एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी व त्यानंतर दरवर्षी, असा सर्वसाधारण क्रम आहे. तीत वजनाबरोबरच रक्तकण, लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, प्रथिने आणि साखर पाहतात. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात या शस्त्रक्रियेने मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले. त्याच अभ्यासात मधुमेहाची एक नोंद विचार करावयास लावणारी आहे: शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह नाहीसा झाला होता, तर दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले होते. वार्षिक तपासणीचे प्रयोजन यावरून कळते.

या तपासण्यांपैकी बहुतेकींसाठी दूरचा प्रवास करण्याचे कारण नाही. झाशीत १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. रक्ताच्या नेहमीच्या चाचण्या, ब-१२ चे इंजेक्शन, रक्तदाब व साखरेवरील औषधांची फेरआखणी ही कामे जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांशी दूरध्वनीवरून संपर्क ठेवता येतो. मात्र त्यासाठी रुग्णाजवळ एक कागद सदैव असावयास हवा. शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख, चालू औषधे, वर्ज्य औषधे, तज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक आणि 'ग्लुकोजपूर्वी थायमिन' ही सूचना त्यावर स्पष्ट अक्षरांत लिहिलेली असावी. त्याची एक प्रत घरी आणि एक नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवावी. मध्यरात्री तातडीच्या विभागात अपरिचित डॉक्टरांपुढे रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसला, तरी तो कागद त्याच्या वतीने बोलेल.