आरोग्यवार्तेची पारख

५ ऑक्टोबर २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील अन्न व औषध प्रशासनाच्या मुख्यालयातून एक सूचना प्रसृत झाली. 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधाच्या एका विशिष्ट बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळल्याने तिची विक्री, वितरण व वापर तात्काळ थांबवावा, असा तिचा आशय होता. बॅच क्रमांक एसआर-१३, निर्मिती मे २०२५, मुदत एप्रिल २०२७ अखेर, हा तपशील तीत होता. हे औषध कोणाजवळ असल्यास कळविण्यासाठी प्रशासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००२२२३६५ हाही दिला होता.

या सूचनेमागे मोठी शोकांतिका होती. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-तापाने आजारी असलेल्या बालकांची लघवी बंद होऊ लागली व मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणण्यात आले. तथापि वीसहून अधिक बालके दगावली. औषधाची निर्मिती तामिळनाडूत झाली होती. तेथील शासकीय तपासणीत या द्रव्याचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. अनुज्ञेय मर्यादा केवळ ०.१ टक्का आहे.

अशा प्रसंगी घरोघरच्या भ्रमणध्वनींवर दोन प्रकारचा मजकूर येऊन पोहोचतो. एक, वर उल्लेखिलेल्या सूचनेसारखा. दुसरा निनावी : 'खोकल्याची सर्व औषधे विषारी आहेत', 'अमुक काढा घ्या, औषधाची गरजच नाही', 'हा संदेश दहा जणांना पाठवा'. पहिल्याकडे दुर्लक्ष झाले तर विषारी बाटली घरात राहते. दुसऱ्यावर विश्वास ठेवला तर आजारी मूल आवश्यक उपचारांस मुकते. म्हणूनच या दोहोंतील भेद ओळखणे हा केवळ सुशिक्षितांच्या चर्चेचा विषय नसून जीवनमरणाचा प्रश्न आहे.

पाच प्रश्न

वांद्रे येथील सूचना नीट वाचली असता विश्वसनीय माहितीची लक्षणे तीतूनच हाती लागतात.

पहिला प्रश्न : कोण सांगते? सूचना जबाबदार यंत्रणेच्या नावाने निघालेली असते. महाजालावर शासकीय संकेतस्थळाचा पत्ता सामान्यतः 'गव्ह डॉट इन' या अक्षरांनी संपतो. मात्र शासनाचे बोधचिन्ह कोणीही चिकटवू शकतो. म्हणून आलेल्या चित्रावर विसंबून न राहता मूळ संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे.

दुसरा : नेमके कशाविषयी? खरी सूचना एका औषधाच्या एका बॅचविषयी बोलते. 'सर्व औषधे' आणि 'सर्व रोग' ही भाषा संशयास्पद समजावी.

तिसरा : केव्हा? वैद्यकीय सल्ला कालमानाने बदलतो. तारीख नसलेला संदेश कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो.

चौथा : कशाच्या आधारे? प्रयोगशाळेची तपासणी, अनेक रुग्णांवरील अभ्यास, की एखाद्याचा 'मला गुण आला' हा अनुभव? अनुभव प्रामाणिक असला तरी तो पुरावा ठरत नाही. अनेक आजार आपोआपही बरे होतात.

पाचवा : लाभ कोणाचा? सल्ल्याच्या अखेरीस तेच औषध विकत घेण्याची विनंती असेल, तर तो सल्ला नसून जाहिरात होय.

जाहिरातीस कायद्याचे बंधन

अशा जाहिरातींस आळा घालणारा 'औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम' १९५४ सालचा आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, रक्तदाब, लठ्ठपणा इत्यादी विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना त्याने मनाई केली. महाजाल तेव्हा अस्तित्वात नव्हते. तरीही जाहिरातीच्या व्याख्येत छापील पत्रकांबरोबरच प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेल्या घोषणेचाही समावेश होता. अशा जाहिरातींविरुद्ध नागरिकांना तक्रार नोंदविता यावी यासाठी राज्यांनी योग्य यंत्रणा उभारावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला.

संकेतस्थळावरील प्रमाणचिन्हही डोळे मिटून मानू नये. आरोग्यविषयक संकेतस्थळांची पारख करून प्रमाणचिन्ह देणारी जिनिव्हाची 'हेल्थ ऑन द नेट' संस्था २०२२ मध्ये बंद झाली. आज ते चिन्ह कोठे दिसलेच, तर त्यामागे पडताळणी करणारे कोणीही नाही.

शब्दामागील तपासणी

शासकीय मोहोर हीदेखील आंधळ्या विश्वासाची जागा नव्हे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषारी द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध प्रशासनातील गंभीर उणिवाही उघड केल्या. सूचनेला वजन येते ते तिच्यामागे असलेल्या तपासणीमुळे. तपशील मागण्याचा नागरिकांचा अधिकार म्हणूनच मोलाचा ठरतो.

गावपातळीवर काय करता येईल?

अधिकृत सूचना तारीख व बॅच क्रमांकासह, शब्दशः, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल. सारांश करताना 'एक बॅच' याचे 'सर्व औषधे' होता कामा नये. शाळेत शिक्षकांना एखादा फिरता संदेश फळ्यावर लिहून वरील पाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारता येतील. मुलांनी शिकलेले घरी पोहोचतेच. शंका उरल्यास आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, किंवा केंद्र शासनाची 'ई-संजीवनी' दूरवैद्यक सेवा यांचा सल्ला घेता येतो.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य यंत्रणेनेही सूचित केले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत. ही माहिती ज्या घरात वेळेवर व अविकृत स्वरूपात पोहोचली, तेथील आईने बाटली उघडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले असेल. संदेश पुढे पाठविण्यास क्षणही पुरतो. तो पडताळण्यास चार मिनिटे लागतात. ती चार मिनिटे देण्याची सवय गावात रुजविणे हे लोकप्रतिनिधी, शिक्षक व अधिकारी यांचे समान कर्तव्य आहे.