रोप विकलं, सोबत मिलीबगही गेला तर?



मागच्या व्हिडिओत आपण घरून इनडोअर रोपं विकायचा हिशोब मांडला होता. त्यातला एक खर्च मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो कुणी वहीत लिहीतच नाही. तो खर्च म्हणजे कीड.

आधी आकडे बघू. धरून चला, रोप ६० रुपये, कुंडी ३५, माती-कोकोपीट १० आणि पॅकिंग १५. झाले १२०. तुम्ही ते १९९ ला विकलं, हातात ७९ राहिले. आठ दिवसांनी ग्राहकाचा फोटो येतो, पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस! तुम्ही रोप बदलून देता. पुन्हा १२०, वर डिलिव्हरीचे ५०. म्हणजे १७० गेले, दोन रोपांचा नफा त्यात बुडाला. आणि त्या ताईंच्या घरच्या जास्वंदीवर ती कीड चढली असेल, तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव कसं निघेल ते तुम्हीच ओळखा.

हा कापूस म्हणजे मिलीबग, आपल्याकडचा पिठ्या ढेकूण. इनडोअर रोपांच्या धंद्यात सगळ्यात जास्त डोकं हाच खातो. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. त्यातून निघणारी पिल्लं सहज डोळ्याला दिसत नाहीत, पण ती चालतात, आणि पानाला पान टेकलं की शेजारच्या कुंडीत पोचतात. मोठ्या किड्याच्या अंगावर मेणचट पावडर असते, त्यामुळे नुसत्या पाण्याचा फवारा ओघळून जातो. रस शोषताना तो चिकट गोड पाणी सोडतो. त्याला मुंग्या लागतात, नंतर पानावर काळी बुरशी चढते. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की मुंग्यांची पावडर शोधू नका, आधी पान उलटून बघा.

रोपांची ने-आण झाली की कीडही प्रवास करते. २००८ मध्ये कोइमतूर भागात पपईवर मिलीबगची एक परदेशी जात सापडली आणि पुढे ती कितीतरी पिकांवर, जास्वंदीवरसुद्धा पसरली. शेवटी २०१० मध्ये तिच्यावर जगणारी बारीक गांधीलमाशी परदेशातून मागवून सोडावी लागली. आपला माल उरुळी कांचनहून येवो की थेट आंध्रातल्या कडियमहून, एका टेम्पोत शेकडो रोपं एकमेकांना चिकटून येतात. तेव्हा कीड येणार हे धरूनच चाला.

माझ्या मते म्हणूनच खरं काम फवाऱ्याच्या बाटलीआधी सुरू होतं. नवीन माल आला की तो १४ दिवस वेगळा ठेवायचा. बाल्कनीचं दुसरं टोक, जिना, गच्चीचा कोपरा, काहीही चालेल, फक्त जुन्या रोपांना पान टेकता कामा नये. पाणी घालायचा झारा आणि कात्रीसुद्धा वेगळी. दर तीन-चार दिवसांनी पानांची मागची बाजू, बेचके आणि कुंडीचा काठ बघा. दर लॉटमधली दोन-तीन रोपं कुंडीतून अलगद काढून मुळंही तपासा. मुळांवर पिठासारखा पांढरा थर दिसला तर तोही मिलीबगच, आणि तो वरून कधीच दिसत नाही.

सापडला तर काय करायचं? थोडा असेल तर कापसाच्या काडीवर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक पुसून काढा. ते मेडिकलमध्ये मिळतं. आधी एका पानावर लावून दुसऱ्या दिवशी बघा, नाजूक पानांना ते सोसत नाही. जास्त असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली सौम्य लिक्विड साबण किंवा रिठ्याचं पाणी. साबण नसेल तर तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं. फवारा संध्याकाळी मारायचा, उन्हात मारला तर पानं भाजतात. दर सात दिवसांनी, निदान तीन वेळा. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून पुढची फौज तयार असतेच. खोडापासून मुळापर्यंत भरलेलं रोप मात्र पिशवीत बांधून टाकून द्या. साठ रुपयांच्या मायेपायी अख्खा रॅक घालवू नका.

बाकीच्या किडींचं थोडक्यात. उन्हाळ्यात अरेका पामच्या पानांवर बारीक ठिपके आणि जाळी दिसली तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते, पानांची मागची बाजू पाण्याने जोरात धुवा. कुंडीभोवती काळी चिलटं उडत असतील तर पाणी जास्त होतंय, वरची इंचभर माती सुकू द्या. पिवळे चिकट कार्ड फक्त उडणारी चिलटं पकडतात, मातीतल्या अळ्या तशाच राहतात.

एक महत्त्वाचं. शेतीचं औषध छोट्या बाटल्यांत भरून ग्राहकाला ‘केअर किट’ म्हणून विकू नका. कीटकनाशक कायदा १९६८ प्रमाणे विक्रीला परवाना लागतो, आणि घरात लहान मुलं असतात.

ग्राहकाचा फोटो आला तर वाद घालत बसू नका. मी असं लिहायला सांगतो: “ताई, फोटो पाठवलात ते बरं केलंत. हा मिलीबग आहे. रोप आजच बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि शेजारच्या दोन कुंड्यांचे फोटोही पाठवा. पुसायची पद्धत पाठवतोय. १५ दिवसांत रोप सुधारलं नाही तर बदलून देईन.”

आता तुम्ही म्हणाल, सर, १४ दिवस माल पडून राहिला तर पैसा अडकतो. अडकतोच. शंभर रोपं थांबवली तर ६,००० रुपये दोन आठवडे बसून राहतात, आणि दिवाळीत तर ऑर्डर चार दिवस आधी येते. आमच्या बॅचमधल्या एका ताईंना एका ऑफिसने ५० जेडची ऑर्डर देऊ केली होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, तीन आठवडे आधी कन्फर्म करा आणि निम्मी रक्कम आगाऊ द्या. ऑफिसने कुरकुर करत ३० घेतली, २० दुसरीकडून. ३० च्या लॉटमध्ये चार रोपांच्या मुळांना मिलीबग निघाला. हातात दिवस होते, म्हणून नर्सरीवाल्याने ती बदलून दिली. दुसरीकडे गेलेल्या वीसबद्दल मी विचारलं, तर म्हणाल्या, “जाऊ दे सर, तेवढी माझ्या बाल्कनीत जागाच नव्हती.”