छताच्या मध्याचे मानकरी : नाशिकच्या घरांतील टांगत्या दिव्यांचा मागोवा

घर सजवताना जुने झुंबर किंवा साखळीने टांगलेला जुना दिवा निवडणे हा आज मुख्यतः रुचीचा प्रश्न समजला जातो. परंतु असे दिवे ज्या काळी नित्य वापरात होते, त्या काळी त्यांचा आकार इंधनाने आणि त्यांची जागा छताने ठरवली होती. नाशिकसारख्या शहरात, जेथे पेशवाईतील वाडे, ब्रिटिश अमदानीतील दुमजली घरे, सिडकोच्या वसाहती आणि गंगापूर रस्त्यावरील नव्या सदनिका काही किलोमीटरांच्या परिघात सापडतात, तेथे या दोन घटकांचा इतिहास सलग वाचता येतो. दिवाणखान्याच्या छताचा मध्य कोणी व्यापला, तेथून कोण हटले आणि त्या जागी कोण आले, हे पाहिले म्हणजे जुना दिवा आजच्या घरात कोठे शोभेल आणि कोठे अवघडून राहील, याचाही उलगडा होतो.

अठराव्या शतकात पेशव्यांच्या आश्रयाने नाशिकचे रूप पालटले. राघोबादादा आणि आनंदीबाई यांचा मुक्काम आनंदवल्लीस असे, गोपिकाबाईंनी आयुष्याचा उत्तरकाळ याच परिसरात घालवला आणि गोदेच्या दोन्ही तीरांवर सरदारांनी मंदिरे व वाडे उभारले. सराफ बाजारातील सरकारवाड्यात आजही दिसणारी दगडी जोत्यावरच्या लाकडी खांब-तुळयांची बांधणी हे त्या काळच्या घराचे शास्त्र होते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या अशा रचनेस कडीपाटाचे छत म्हणतात. या छतात सागवानी तुळई असेल तेथे लोखंडी हुक ठोकता येत असे, आणि झोपाळा असो वा दिवा, भार टांगायचा तर तो तुळईवरच टांगावा, फळीवर नव्हे, हे सुताराला शिकवावे लागत नसे.

या तुळयांवरून प्रथम लोंबला तो लामणदिवा, म्हणजे पितळी साखळीला अडकवलेला, तेल-वातीचा ओतीव दिवा. साखळीच्या कड्यांत मोर, हत्ती किंवा स्वार यांच्या छोट्या आकृती गुंफलेल्या असत. नाशिकला तो दुरून आणावा लागत नव्हता, कारण येथील तांबट आणि कासार यांच्या तांब्या-पितळेच्या कामाची ख्याती मोठी होती. 1883 च्या नाशिक जिल्हा गॅझेटिअरनेही या धंद्याची दखल घेतली आहे आणि भांडी बाजार हे नाव त्याची साक्ष आजही देते. लामणदिव्याचा उजेड मात्र मर्यादित असे. करडई, तीळ वा खुरासणीचे तेल कापसाच्या वातीतून जळताना मंद पिवळी ज्योत देई आणि काजळी धरी, त्यामुळे हा दिवा देवघर, गाभारा आणि ओसरी यांपुरता राहिला व मोठा दिवाणखाना उजळण्याचे काम त्याच्या आवाक्याबाहेरचे ठरले.

ती उणीव काचेच्या हंडीने भरून काढली. हंडी म्हणजे तीन साखळ्यांनी तोललेले, वर उघडे असलेले काचपात्र. त्यात पाणी भरून त्यावर तेलाचा थर सोडीत आणि वात तेलात तरंगत ठेवीत. तेल पाण्याहून हलके असल्याने ते वर राहते, तेल संपताच वात पाण्याशी येऊन आपोआप विझते, काच फार तापत नाही आणि वाऱ्यापासून ज्योतीला आडोसा मिळतो; लाकडी घरासाठी याहून सुरक्षित योजना त्या काळी क्वचितच असेल. हंडीच्या वर काचेची वा धातूची उलटी वाटी टांगण्याचा प्रघात होता, तो कडीपाट काजळीने काळा पडू नये म्हणून. ही काच युरोपातून पश्चिम किनाऱ्यावर उतरे. परदेशी घडणीची टांगती वस्तू आपल्या वास्तूत सामावून घेणे नाशिकला नवे नव्हते. 1739 च्या वसई मोहिमेनंतर आणलेली आणि 1721 हे साल कोरलेली पोर्तुगीज घंटा नारोशंकराच्या मंदिरावर आजही पाहावयास मिळते.

झुंबराचा इतिहास याहून वेगळ्या वळणाने जातो. काचेत शिशाचा ऑक्साइड मिसळण्याच्या पद्धतीचे एकाधिकारपत्र जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने 1674 मध्ये इंग्लंडात मिळवले. अशी काच अधिक जड, पैलू पाडण्यास मऊ आणि प्रकाश अधिक वाकवणारी असते, त्यामुळे एका मेणबत्तीचा उजेड अनेक लोलकांत फुटून रंगांच्या ठिणग्या दिसतात. मात्र 1745 पासून ब्रिटनमध्ये काचेवर वजनानुसार कर होता. तो 1845 मध्ये उठला आणि जड, बहुशाखी झुंबरांना मोकळे रान मिळाले. बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर या पेढीने 1840 च्या दशकात कलकत्त्यात दालन उघडून हिंदी संस्थानिकांना आपले गिऱ्हाईक केले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी 1874 मध्ये पूर्ण केलेल्या जयविलास राजवाड्यातील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची मानली जातात, आणि ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याची ताकद अजमावल्याची कथा सांगितली जाते. कथेचा तपशील कसाही असो, झुंबर घेण्याआधी छताचा विचार करावा लागतो हे तिच्यातले तथ्य आजच्या खरेदीदारालाही लागू पडते.

कसारा घाटातून जाणारा लोहमार्ग 1865 मध्ये पुरा झाल्यावर नाशिक मुंबईशी अखंड जोडले गेले आणि गवतात बांधलेले काचसामान बैलगाडीऐवजी वाघिणीतून येण्याची सोय झाली. पाठोपाठ इंधनही बदलले. रशियातील रॉकेल घेऊन ‘म्युरेक्स’ हे टाकीजहाज 1892 मध्ये सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले, तेव्हापासून रॉकेल घाऊक आणि स्वस्त झाले. रॉकेल पातळ असल्याने वातीतून सहज चढते, म्हणून तेलाची टाकी ज्योतीच्या खाली ठेवता येते, आणि काचेच्या नळीमुळे हवेचा ओढा वाढून उजेड वाढतो. या गुणांमुळे मध्यभागी एकच प्रखर ज्योत, वर दुधी काचेची छत्री आणि उंची कमीजास्त करण्यासाठी साखळीला वजन असा टांगता दिवा मध्यमवर्गीय घरांत शिरला. लग्नमंडपात गॅसबत्ती आली, म्हणजे दाबाखालील रॉकेलच्या वाफेने रासायनिक जाळी तापवून पांढरा उजेड देणारा दिवा. परदेशी काचेवरील अवलंबन स्वदेशी चळवळीला खुपत होते. पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे निघालेला काच कारखाना आणि 1916 मध्ये स्थापन झालेला ओगले काच कारखाना हे त्याचे उत्तर होते. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, पण तो हातात धरण्याचा वा खुंटीला अडकवण्याचा दिवा होता. छताच्या मध्यावर त्याने हक्क सांगितला नाही.

तो हक्क खऱ्या अर्थाने विजेने हिरावला. ज्योतीला वरच्या दिशेने हवा लागते, म्हणून तेलाचा आणि रॉकेलचा दिवा तोंड वर करून बसतो. विजेचा दिवा कोणत्याही दिशेने जळतो, त्यामुळे त्याचे तोंड खाली वळले आणि कापडी वेष्टणाच्या वायरीला लोंबणारी दुधी काचेची किंवा मिन्याच्या पत्र्याची शेड हा नवा आकार रूढ झाला. परंतु विजेबरोबर पंखाही आला, आणि सर्व दिशांना सारखा वारा देण्यासाठी पंख्याला नेमका मध्यच हवा होता. सिमेंट काँक्रीटचे स्लॅब पडू लागले तेव्हा ते भरतानाच मध्यभागी पंख्याचा हुक सोडण्याची रीत पक्की झाली, ट्यूबलाइट भिंतीवर सरकली आणि दिवाणखान्याचा टांगता दिवा अडगळीत गेला. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीमागून वाढलेल्या शहरात, विशेषतः सिडकोच्या नवीन नाशिकमध्ये, आटोपशीर खोल्यांच्या घरांनी हा बदल कायम केला.

याच काळात जुन्या नाशकातील वाडे विरळ होत गेले. वाटण्या, भाडेकरूंचे वाद, दुरुस्तीचा न पेलणारा खर्च, दर पावसाळ्यात ढासळणाऱ्या मातीच्या भिंती, तसेच 1969 आणि 2008 चे गोदावरीचे महापूर या सर्वांचा त्यात वाटा आहे. वाडा उतरवताना खांब, दरवाजे आणि तुळया यांचा भाव ठरे, पितळ वजनावर मोडीत जाई आणि काच बहुधा फुटे. अशा वस्तूंना मोडीपलीकडे मोल आहे हे महाराष्ट्राला पटवून देणाऱ्यांत पुण्याचे दिनकर केळकर अग्रणी होत. त्यांच्या राजा केळकर संग्रहालयातील दिव्यांचे दालन प्रसिद्ध आहे, आणि 1975 मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. दिवा उजेडाचे साधन राहिला नाही, तेव्हाच तो संग्राह्य ठरला.

आज नाशिकचा हौशी खरेदीदार भांडी बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जातो, तेव्हा त्याच्यासमोर तीन प्रकारचा माल येतो : खरोखर जुना, जुन्या भागांतून जुळवलेला आणि मुरादाबादच्या पितळेला किंवा फिरोजाबादच्या काचेला जुनेपणाचा रंग चढवलेला नवा. लामणदिव्याच्या साखळीतील कडी आतल्या बाजूने झिजलेली असावी, कारण झीज घर्षणाच्या जागीच होते. सर्वत्र सारखा काळपटपणा असेल तर तो बहुधा रसायनाचा. हाताने पाडलेल्या लोलकाच्या पैलूंची कड बोटाला धारदार लागते, साच्यातल्या लोलकाची बोथट असते, आणि शिशाची काच हलकेच टिचकी मारली असता लांब नाद देते. जुळवलेले झुंबर त्याज्य नसते, फक्त त्याची किंमत जुळवलेल्याची असावी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि परवानगीवाचून ती परदेशी नेता येत नाही, हे परदेशस्थ नातलगांसाठी खरेदी करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

खरी कसोटी मात्र घरात लागते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची 2.75 मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट असते. माणसे वावरतात तेथे दिव्याखाली सात फूट मोकळे सोडले, तर साखळीसह दिव्याला दोनच फूट उरतात. म्हणून उंच दिवाणखान्यासाठी घडलेले बहुशाखी झुंबर सदनिकेच्या मध्यावर नव्हे, तर जिन्याच्या पोकळीत किंवा दुहेरी उंचीच्या खोलीतच श्वास घेऊ शकते. जेवणाच्या टेबलावर, जेथे खालून कोणी जात नाही, तेथे पृष्ठभागापासून अडीच ते तीन फुटांवर दुधी काचेची एकच शेड किंवा हंडी पुरते. जिप्समचे फॉल्स सीलिंग वाड्यातल्या फळीप्रमाणेच भारासाठी नसते, त्यामुळे वजन त्यातून आरपार नेऊन वरच्या स्लॅबलाच दिले पाहिजे. पंखा ठेवायचा असेल तर त्याच्या पात्यांच्या पल्ल्यात टांगता दिवा येता कामा नये, कारण तसे झाल्यास पात्यांच्या सावल्या भिंतींवर सतत फिरत राहतात.

विजेच्या जोडणीबाबत जुनेपणाचा मोह धरू नये. कापडी वेष्टणाची वायर आतून ठिसूळ होते, म्हणून ती काढून नवी घालणे आणि पितळी सांगाड्याला अर्थिंग देणे अपरिहार्य आहे. युरोपीय झुंबरातील आट्यांचे होल्डर आणि येथील पिनांचे होल्डर यांचा मेळही आधी पाहून घ्यावा. सहा शाखांवर चाळीस वॉटचे दिवे लावले तर 240 वॉट जळतात आणि उष्णता कळसाशी साठते, तर चार वॉटचे एलईडी मिळून 24 वॉटच घेतात. मात्र त्यांचा रंग 2700 केल्विनच्या आसपास, म्हणजे तापलेल्या तारेच्या पिवळसर छटेचा असावा, अन्यथा निळसर पांढऱ्या उजेडात पितळ निस्तेज आणि काच बर्फासारखी दिसते.

या दीर्घ प्रवासाचा निष्कर्ष खरेदीदाराच्या सोयीचा आहे. लामणदिवा ठेंगण्या छताच्या देवघरासाठी, हंडी मध्यम उंचीच्या बैठकीसाठी आणि झुंबर उंच दिवाणखान्यासाठी घडले होते. प्रत्येकाने आपल्या काळातील इंधनाची अडचण सोडवली आणि त्या अडचणीतूनच त्याचे सौंदर्य आले. त्यामुळे नाशिकच्या सदनिकेत आयात झुंबराची छोटी प्रतिकृती टांगण्यापेक्षा तांबट आळीच्या परंपरेतील लामणदिवा किंवा साधी काचेची हंडी अधिक प्रामाणिक ठरते, आणि बहुधा स्वस्तही पडते. जुना दिवा निवडताना आधी छत मोजावे, मग भार तपासावा आणि नंतरच नक्षीकडे पाहावे. वाडे बांधणाऱ्या सुतारांचा क्रमही हाच होता.